नऊ जण, जे कधी खेळलेच नाहीत!

आयपीएल सुरू झाली की कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये प्रत्येक जण सिलेक्टर होतो. कोणाला ओपनिंगला पाठवायचं, कोणाला बसवायचं, कॅप्टन कोण, यावर चहा थंड होईपर्यंत वाद रंगतात. मोबाइलवर टीम बनवायची, हरली की त्याच खेळाडूला शिव्या घालायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत त्यालाच घ्यायचं. हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण समजा, खेळाडू निवडायचेत आणि अट अशी आहे की त्यातला एकही जण खऱ्या आयुष्यात अस्तित्वातच नसला पाहिजे, तर?

अमेरिकेतल्या बेसबॉलप्रेमींचा हा आवडता टाइमपास आहे. हॉलिवूडने बेसबॉलवर इतके सिनेमे काढलेत की त्यातल्या काल्पनिक खेळाडूंमधून एक नाही, दोन-तीन टीम उभ्या राहतील. म्हटलं, आपणही करून बघू. क्रिकेट बघून डोळे तयार झालेत, सिनेमे तर बघतोच, मग राहिलं काय? तर चला, निवड समितीची बैठक सुरू करूया.

आधी नियम ठरवू

नियम नसले की वाद संपत नाहीत, म्हणून चार नियम.

एक, खेळाडू पूर्णपणे काल्पनिक हवा. म्हणजे '४२' मधला जॅकी रॉबिन्सन बाद, 'मनीबॉल' मधला बिली बीन बाद. 'फील्ड ऑफ ड्रीम्स' मधले शूलेस जो जॅक्सन आणि मूनलाइट ग्रॅहमसुद्धा बाद, कारण ती दोघं खरी माणसं होती. मूनलाइट ग्रॅहम तर १९०५ साली न्यूयॉर्क जायंट्सकडून मोजून एक मॅच खेळला होता. याच नियमाने आपले दोन भारतीय पठ्ठेही बाहेर जातात. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू. २००८ साली 'मिलियन डॉलर आर्म' नावाच्या टीव्ही स्पर्धेतून पुढे आले आणि थेट पिट्सबर्ग पायरेट्सशी करारबद्ध झाले. २०१४ मध्ये त्यांच्यावर त्याच नावाचा सिनेमा आला, संगीत ए. आर. रहमानचं. रिंकू पुढे कुस्तीत गेला आणि डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये 'वीर महान' झाला. गोष्ट एवढी फिल्मी आहे, पण काय करणार, खरी आहे!

दोन, एका सिनेमातून जास्तीत जास्त तीन खेळाडू.

तीन, खेळाडू त्याच्या किंवा तिच्या सिनेमातल्या सर्वोत्तम फॉर्ममध्ये मिळणार. नंतर काय झालं ते आपण बघणार नाही.

चार, वय, लिंग, रंग यावरून कोणालाही नाही म्हणायचं नाही. हा नियम साधा वाटतोय ना? थांबा, पुढे कळेल.

दोन मिनिटांत बेसबॉल

ज्यांना बेसबॉल म्हणजे 'गोल बॅटने खेळलेलं क्रिकेट' एवढंच माहितीये त्यांच्यासाठी. टीममध्ये नऊ जण, मॅच नऊ इनिंग्जची. एका बाजूचे तीन जण आउट झाले की समोरच्यांची बॅटिंग. मैदानावर हिऱ्याच्या आकारात चार बेस, दोन बेसमध्ये ९० फुटांचं अंतर. बॉल टप्पा पडून येत नाही, पिचर तो ६० फूट ६ इंचांवरून सरळ फेकतो. तीन स्ट्राइक झाले की बॅटर आउट, चार बॉल बाहेर पडले की फुकट पहिला बेस. चारही बेस फिरून घरी आलात की एक रन. बॉल कुंपणापार गेला की होमरन, आपला सिक्सर म्हणा.

आणि एक शब्द लक्षात ठेवा: बंट. जोरात बॅट न फिरवता बॉल नुसता हळूच पुढ्यात ढकलायचा. बहुतेक वेळा मारणारा स्वतः आउट होतो, पण बेसवरचा सोबती पुढे सरकतो. हा शब्द पुढे कामाला येणार आहे.

पिचर: आकडे की माणूस?

पहिलाच पेच. फक्त आकडे बघायचे असतील तर 'द स्काउट' (१९९४) मधल्या स्टीव्ह नेब्रास्काच्या जवळपास कोणी फिरकत नाही. ब्रेंडन फ्रेझरने रंगवलेला हा पोरगा वर्ल्ड सिरीजच्या मॅचमध्ये ८१ बॉल टाकतो, ८१ च्या ८१ स्ट्राइक, २७ च्या २७ जणांना गारद. यापेक्षा चांगली पिचिंग गणिताने शक्यच नाही. पण हाच नेब्रास्का मॅचआधी स्टेडियमच्या छतावर जाऊन बसतो आणि खाली यायला तयार नसतो. त्याच्या बालपणाची जखम एवढी खोल आहे की बॉल हातात घेणंच त्याला ओझं वाटतं. अशा मुलाला 'टीमसाठी खेळ रे' म्हणणं मला तरी जमणार नाही. त्याला आराम करू दे.

त्याच्या जागी बिली चॅपल. 'फॉर लव्ह ऑफ द गेम' (१९९९) मधला डेट्रॉइट टायगर्सचा चाळीस वर्षांचा पिचर, केव्हिन कॉस्नरने केलेला. टीम विकली जातेय, प्रेयसी सोडून चाललीय, खांदा दुखतोय आणि यांकी स्टेडियमवर समोरचे प्रेक्षक त्याला जगू देत नाहीयेत. अशा दिवशी तो परफेक्ट गेम टाकतो, म्हणजे २७ बॅटर आले आणि २७ गेले, एकही पहिल्या बेसपर्यंत पोहोचला नाही. मेजर लीगच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात असं जेमतेम दोन डझन वेळा झालंय. नेब्रास्कापेक्षा आकडे कमी, पण मोठ्या मॅचला हा माणूस मैदानावर हजर असेल याची खात्री आहे.

शेवटच्या इनिंगला, म्हणजे आपल्या डेथ ओव्हर्सना, रिकी व्हॉन. 'मेजर लीग' (१९८९) मधला चार्ली शीन. हा थेट तुरुंगातल्या लीगमधून उचललेला. फेकतो भन्नाट वेगाने, पण बॉल जातो कुठे हे त्यालाच माहीत नसतं. मग एक दिवस कोचला कळतं की याला नीट दिसतच नाही! चष्मा लागतो आणि साहेबांचा कंट्रोल सुधारतो. वर्गात शेवटच्या बाकावर बसून फळा न दिसणारी, आणि म्हणून 'ढ' ठरलेली किती तरी मुलं आठवली असतील ना?

कॅचर: गर्दीच गर्दी

बेसबॉल सिनेमांचं एक गुपित सांगते. त्यांना कॅचर जाम आवडतात. 'बुल डरहम' मधला क्रॅश डेव्हिस, 'मेजर लीग' मधला गुडघे गेलेला जेक टेलर, 'बँग द ड्रम स्लोली' (१९७३) मधला आजारी ब्रूस पिअर्सन (तरुण रॉबर्ट डी नीरो!), 'बिंगो लाँग' मधला लिऑन कार्टर, 'द सँडलॉट' मधला बडबड्या हॅम पोर्टर. सगळे कॅचर. कारणही सोपं आहे. मैदानावरचे बाकी सगळे एकाच दिशेला बघत असतात, एकटा कॅचर त्यांच्याकडे तोंड करून बसलेला असतो. पूर्ण खेळ त्याला दिसतो. पिचरला समजावणं, चिडवणं, सावरणं हे सगळं त्याचंच काम. लेखकाला असं पात्र मिळालं की निम्मा सिनेमा लिहून होतो.

या सगळ्यांना मागे टाकून माझी निवड: डॉटी हिन्सन. 'अ लीग ऑफ देअर ओन' (१९९२), दिग्दर्शन पेनी मार्शल, भूमिका जीना डेव्हिस. दुसऱ्या महायुद्धात पुरुष खेळाडू सैन्यात जायला लागले तेव्हा १९४३ साली अमेरिकेत महिलांची व्यावसायिक बेसबॉल लीग सुरू झाली. शिकागो कब्जचे मालक फिलिप रिगली, तेच च्युइंगमवाले, यांनी ती उभी केली. १९५४ पर्यंत ती चालली आणि सहाशेहून जास्त मुली त्यात खेळल्या. लीग खरी, रॉकफर्ड पीचेस ही टीमही खरी, पण डॉटी काल्पनिक. त्यामुळे नियमात बसते.

सिनेमाच्या शेवटच्या मॅचमध्ये डॉटीची धाकटी बहीण किट समोरच्या टीमकडून धावत येते, दोघींची धडक होते आणि डॉटीच्या हातातून बॉल सुटतो. सुटला की तिने सोडला? तीस वर्षं उलटून गेली तरी लोक भांडतायत. माझ्या टीममध्ये किट नाहीये, त्यामुळे तो प्रश्नच मिटला.

पहिला बेस: ज्याने तीन हजार सोडले

'मि. ३०००' (२००४) मधला स्टॅन रॉस, म्हणजे बर्नी मॅक. मिलवॉकी ब्रूअर्सचा हा महागर्विष्ठ गडी ३००० हिट पूर्ण होताच टीमला वाऱ्यावर सोडून रिटायर होतो. पुढे कारकुनी चूक निघते: तीन हिट दोनदा मोजल्या गेल्यात, खरा आकडा २९९७. मग सत्तेचाळिसाव्या वर्षी पोट सांभाळत स्वारी परत मैदानात. २९९९ वर पोहोचतो, शेवटची संधी येते, सगळं स्टेडियम उभं, आणि हा पठ्ठ्या बंट करतो! आकडा २९९९ वरच राहतो आणि टीम जिंकते.

याच जागेवरचा दुसरा उमेदवार 'मि. बेसबॉल' (१९९२) मधला जॅक एलियट. अमेरिकेतून जपानच्या चुनिची ड्रॅगन्सला 'विकला' गेलेला, तिथल्या शिस्तीशी भांडणारा. त्यालाही शेवटी विक्रमी होमरनची संधी असते आणि तोही बंट करतो. आणि 'मेजर लीग' चा क्लायमॅक्स? जेक टेलर बॅटने प्रेक्षकांकडे बोट दाखवतो, सगळ्यांना वाटतं आता होमरन, आणि तो करतो बंट. पोस्टरवर सगळीकडे होमरन असतात, पण तीन-तीन सिनेमे संपतात ते स्वतः आउट व्हायची तयारी ठेवून दुसऱ्याला घरी पोहोचवण्यावर. हे एकदा लक्षात आलं की हे सिनेमे वेगळेच दिसायला लागतात.

दुसरा बेस: मार्ला, जिला स्काउटने नाकारलं

परत 'अ लीग ऑफ देअर ओन'. मार्ला हूच दोन्ही हातांनी बॅटिंग करते. जिममध्ये तिची ट्रायल चालू असते, एकेक फटका असा की खिडक्यांच्या काचा खळाखळा फुटतात. स्काउट खूश. मग तो तिचा चेहरा बघतो आणि म्हणतो, नको. का? तर ती सुंदर नाही. या लीगला खेळाडूंसोबत 'चेहरे' पण हवे होते. खऱ्या लीगमध्येही मुलींना स्कर्ट घालून खेळावं लागायचं, घसरल्यावर मांड्या सोलवटून निघायच्या. चारचौघींत कसं वागायचं, मेकअप कसा करायचा याचे वर्गसुद्धा होते.

मग काय होतं? डॉटी आणि किट आपापल्या बॅगा खाली ठेवतात. ही येणार नसेल तर आम्हीही येत नाही, एवढंच. संपूर्ण सिनेमात मला सगळ्यात भारी वाटलेला क्षण हाच. कॉलेजच्या ग्रुपमध्ये, कुठल्याही सिलेक्शनमध्ये, आपली निवड पक्की झाल्यावर दुसऱ्यासाठी बॅग खाली ठेवणारे किती जण असतात? (मार्ला सिनेमात मध्येच लग्न करून जाते. नियम तीनप्रमाणे मला लग्नाआधीची मार्ला हवी!)

तिसरा बेस आणि शॉर्टस्टॉप

तिसऱ्या बेसवर बॉल गोळीसारखा येतो. 'मेजर लीग' चा रॉजर डॉर्न तिथे चेहऱ्याला लागेल म्हणून बाजूला होतो, त्यामुळे तो कटाप. त्याच्याऐवजी डॉरिस मर्फी, म्हणजे रोझी ओडॉनेल. न्यूयॉर्कच्या डान्स हॉलमध्ये बाउन्सर होती, तिला बॉलची काय भीती? बसमधल्या एका प्रसंगात ती आपल्या बॉयफ्रेंडबद्दल बोलते. खेळणारी मुलगी म्हणून सगळ्यांनी तिला कायम विचित्र ठरवलं, म्हणून जो मिळाला तो तिने धरून ठेवला होता. आता आजूबाजूला आपल्यासारख्या इतक्या जणी बघून ती त्याचा फोटो फाडून खिडकीबाहेर टाकते. बास. तिसरा बेस पक्का.

शॉर्टस्टॉपला मात्र सिनेमावाल्यांनी दुष्काळ पाडलाय. म्हणून थेट शाळेतला मुलगा: टॅनर बॉयल, 'द बॅड न्यूज बेअर्स' (१९७६). उंचीने एवढासा, तोंडाने नको तेवढा फटकळ. पहिल्याच मॅचमध्ये त्यांची टीम २६-० अशी मार खाते. चिडवणाऱ्या सातवीच्या अख्ख्या वर्गाशी हा एकटा मारामारी करतो आणि अर्थातच चोप खातो. त्याची भाषा आज ऐकवत नाही, शिव्या आणि वंशद्वेषी शब्द दोन्ही आहेत. पण टीममधल्या सगळ्यात दुबळ्या मुलाची कोणी टिंगल केली की मध्ये पडणाराही तोच.

या बेअर्सची टीम तयारच कशी होते ठाऊक आहे? चांगल्या लीगने कच्च्या मुलांना घेतलं नाही म्हणून एक नगरसेवक कोर्टात जातो. त्यातून ही उरल्यासुरल्यांची टीम जन्माला येते. आणि त्यांची स्टार पिचर कोण? अमांडा, अकरा-बारा वर्षांची मुलगी, भूमिका टेटम ओनील. अमेरिकेतल्या लिटल लीगने मुलींना प्रवेश दिला तो १९७४ मध्ये, तोही कोर्टकचेऱ्यांनंतर. म्हणजे सिनेमा आला तेव्हा ही गोष्ट जेमतेम दोन वर्षांची होती. अमांडा आपल्या राखीव पिचर्समध्ये आहेच.

आउटफिल्ड: एक बिनबुलाया, एक वीजवाला, एक वेशांतरवाला

मध्ये विली मेज हेज ('मेजर लीग', वेस्ली स्नाइप्स). याला सराव शिबिराचं बोलावणंच नसतं. तरी येतो. रात्री झोपेत असताना त्याला पलंगासकट उचलून बाहेर ठेवतात. सकाळी शर्यतीच्या आवाजाने जाग येते, तो नाइट ड्रेसमध्येच धावत सुटतो आणि आधीपासून धावणाऱ्यांना मागे टाकतो. निवड झाली! मात्र याला हवेत फटके मारायचा शौक आहे. प्रत्येक हवेतल्या फटक्याला वीस पुशअप्स, ही शिक्षा आपणही चालू ठेवू.

उजवीकडे रॉय हॉब्स. 'द नॅचरल' (१९८४) मधला रॉबर्ट रेडफर्ड. वीज पडलेल्या झाडाच्या लाकडातून स्वतः बनवलेली 'वंडरबॉय' नावाची बॅट, तरुणपणी लागलेली गोळी, सोळा वर्षांचा अज्ञातवास आणि शेवटी मैदानाचे दिवे फोडणारा होमरन. पण एक गंमत आहे. ज्या कादंबरीवर हा सिनेमा आहे, बर्नार्ड मॅलामडची १९५२ सालची, तिच्यात हॉब्स शेवटी स्ट्राइक आउट होतो. पुस्तकाने त्याला हरवलं, हॉलिवूडने जिंकवलं. नियम सिनेमाचा आहे, म्हणून आपल्याला जिंकलेला हॉब्स मिळतो. पुस्तकवाला जास्त खरा आहे असं माझं मत आहे, पण चौथ्या नंबरला मला दिवे फोडणाराच पाहिजे.

तिसरा चार्ली स्नो. 'द बिंगो लाँग ट्रॅव्हलिंग ऑल-स्टार्स अँड मोटर किंग्ज' (१९७६), भूमिका रिचर्ड प्रायर. काळ १९३९ चा. कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगचे दरवाजे बंद होते, त्यांच्या लीग वेगळ्या. चार्लीला काहीही करून आत शिरायचंय. मग तो कधी क्युबन 'कार्लोस नेवाडा' बनतो, कधी अमेरिकन आदिवासी. लोक हसतात. पण हा विनोद हवेतून आलेला नाही. १९०१ साली बॉल्टिमोरच्या जॉन मॅग्रॉ या मॅनेजरने चार्ली ग्रँट या कृष्णवर्णीय खेळाडूला 'टोकोहामा' नावाचा चेरोकी म्हणून खपवायचा खरोखर प्रयत्न केला होता. तो फसला. दरवाजा उघडला तो १५ एप्रिल १९४७ रोजी, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला तेव्हा. मधली सेहेचाळीस वर्षं किती चार्ली आले आणि गेले, मोजणार कोण?

बाकीची मंडळी

फक्त बॅटिंग करणारा, म्हणजे डेझिग्नेटेड हिटर: पेद्रो सेरानो ('मेजर लीग'). सरळ वेगवान बॉल दिसेनासा करतो, पण वळणारा कर्व्हबॉल आला की बॅट हवेत. त्यासाठी तो 'जोबू' नावाच्या मूर्तीला रम आणि सिगार वाहतो. लॅटिन अमेरिकन खेळाडू म्हटला की जादूटोणा, हा साचा आज बघताना खटकतो. पण शेवटी वैतागून तो देवालाच सुनावतो आणि स्वतःच्या हिमतीवर कर्व्हबॉल कुंपणापार धाडतो.

राखीव धावपटू: 'द सँडलॉट' (१९९३) चा बेनी रॉड्रिगेझ. बेब रूथची सही असलेल्या बॉलपायी राक्षसी कुत्र्यापुढे पळालेला पोरगा कोणत्याही कॅचरला भारी पडेल.

राखीव पिचर: 'शुगर' (२००८) चा मिगेल सांतोस. डोमिनिकन रिपब्लिकच्या अकादमीतून अमेरिकेतल्या आयोवाला आलेला, इंग्रजी जवळपास शून्य. हॉटेलात रोज फ्रेंच टोस्ट मागवतो, कारण मागवता येईल असं तेवढंच त्याला माहितीये. मराठी मीडियममधून शहरातल्या कॉलेजात आलेल्या कोणालाही तो प्रसंग भाषांतराशिवाय कळेल. मिगेल मेजर लीगपर्यंत पोहोचत नाही. शेवटी न्यूयॉर्कच्या एका मैदानावर तो आपल्यासारख्याच, मागे राहिलेल्या मुलांसोबत खेळताना दिसतो. या यादीतला सगळ्यात खरा खेळाडू मला तोच वाटतो.

आणि मॅनेजर? क्रॅश डेव्हिस. 'बुल डरहम' (१९८८) मध्ये तो आयुष्यभर मायनर लीगमध्ये रखडलाय, मेजर लीगमध्ये फक्त २१ दिवस काढलेत. मायनर लीगमधला होमरनचा विक्रम करतो, त्याची बातमीसुद्धा होत नाही. पण उद्धट पोरगेल्या पिचरला माणसात आणतो तोच. शेवटी मॅनेजरची जागा निघेल असं त्याच्या कानावर आलेलं असतं. क्रॅशभाऊ, जागा निघाली आहे, या!

ही घ्या बॅटिंग ऑर्डर

१. विली मेज हेज (सेंटर फील्ड)
२. मार्ला हूच (दुसरा बेस)
३. डॉटी हिन्सन (कॅचर)
४. रॉय हॉब्स (राइट फील्ड)
५. पेद्रो सेरानो (डेझिग्नेटेड हिटर)
६. स्टॅन रॉस (पहिला बेस)
७. डॉरिस मर्फी (तिसरा बेस)
८. चार्ली स्नो (लेफ्ट फील्ड)
९. टॅनर बॉयल (शॉर्टस्टॉप)
पिचर: बिली चॅपल. शेवटच्या इनिंगला: रिकी व्हॉन.

यादी वाचून झाली? आता परत बघा

यादी लिहून झाल्यावर एक गोष्ट खटकन डोळ्यांत भरते. यातल्या बहुतेकांना कोणीतरी आधी 'नाही' म्हटलेलं आहे. हेजला बोलावलं नव्हतं. मार्ला दिसायला चांगली नव्हती. चार्लीचा रंग चुकीचा होता. व्हॉन तुरुंगातला, चॅपल आणि रॉस म्हातारे, टॅनर बुटका, सेरानो परका. सिनेमावाल्यांना ही माणसं आवडतात, कारण त्यांना आत घेतलं की गोष्ट तयार होते. आपण टाळ्या वाजवतो, डोळे पुसतो, घरी जातो.

पण सिनेमासुद्धा सगळ्यांना आत घेत नाही. 'अ लीग ऑफ देअर ओन' मध्ये काही सेकंदांचा एक प्रसंग आहे. सरावाच्या वेळी बॉल घरंगळत कुंपणापाशी जातो. तिथे उभी असलेली एक कृष्णवर्णीय बाई तो उचलते. डॉटी हात पुढे करते, पण ती बाई बॉल डॉटीच्या डोक्यावरून, तिच्या मागे लांब उभ्या असलेल्या पिचरकडे फेकते. इतक्या जोरात की झेलणारीचा हात झिणझिणतो. दोघींची नजरानजर होते, ती बाई मान हलवते आणि निघून जाते. संवाद नाही. नाव नाही.

कारण त्या खऱ्या लीगमध्ये कृष्णवर्णीय मुलींना जागाच नव्हती. मेमी जॉन्सन नावाची पिचर ट्रायलला गेली, तर तिला खेळूच दिलं नाही. पुढे ती पुरुषांच्या निग्रो लीगमध्ये इंडियानापोलिस क्लाउन्सकडून खेळली. त्याच टीमकडून १९५३ मध्ये टोनी स्टोन दुसऱ्या बेसवर खेळली. ज्या लीगने 'मुलींना संधी' म्हणून टाळ्या घेतल्या, तिने नाकारलेल्या मुली पुरुषांच्या टीममध्ये टिकून दाखवत होत्या. २०२२ मध्ये याच नावाची वेब सिरीज आली, तेव्हा कुठे मॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय पिचरला मुख्य भूमिका मिळाली. तीस वर्षं लागली. आणि आपला नियम सिनेमाचा असल्यामुळे मॅक्सही टीममध्ये बसत नाही.

स्वप्नातली टीम निवडणं हा मजेचा खेळ आहे. पण कोणतीही टीम निवडताना आपण फक्त ट्रायलला आलेल्यांतून निवडत असतो. ट्रायलपर्यंत येऊच दिलं गेलं नाही त्यांचे आकडे नसतात, हायलाइट्स नसतात, पोस्टर तर नाहीच. कॉलेजच्या स्पोर्ट्स टीमची यादी असो, एकांकिकेचं कास्टिंग असो की प्लेसमेंटची शॉर्टलिस्ट, बोर्डावर लागलेली नावं आपण वाचतो. ट्रायलची नोटीस कोणापर्यंत पोहोचलीच नव्हती हे विचारायची सवय आपल्याला लागायला हवी.

तर मंडळी, तुमची टीम तुम्ही बनवा. माझ्या नऊ जणांवर खुशाल भांडा. नेब्रास्काला का बसवलं, टॅनरला का घेतलं, कॅन्टीनमध्ये होऊन जाऊ द्या. फक्त एक जागा मी राखीव पिचर्समध्ये मोकळी ठेवलीय, ती कोणी भरायची नाही. त्या जागेपुढे नाव लिहिलेलं नाही, कारण सिनेमाने ते सांगितलंच नाही. तिचा एक थ्रो मात्र आपण सगळ्यांनी बघितलाय. सिलेक्शनला तेवढा पुरे आहे.